एक किलोमीटरचे परंतुक

महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासंबंधीच्या राज्याच्या नियमांना एक परंतुक जोडले. परंतुक म्हणजे नियमाच्या शेपटीला लावलेली अपवादाची ओळ. ती ‘परंतु’ या शब्दाने सुरू होते आणि पुष्कळदा मूळ नियमाहून अधिक काम करून जाते. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खाजगी शाळेची २५ टक्के राखीव प्रवेशांसाठी निवड होणार नाही, असा या ओळीचा आशय होता. सव्वापाच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. वृत्तपत्रांच्या दृष्टीने हा विषय एका वर्षाच्या प्रवेशांतील गोंधळाचा होता आणि प्रवेश उरकले तसा तो संपलाही. परंतु शिक्षणाचा हक्क एका हाताने द्यायचा आणि त्याच्या खर्चाचा हिशेब पुढे आला की दुसऱ्या हाताने त्याला मुरड घालायची, ही रीत या देशात त्या ओळीहून शंभर वर्षांनी तरी जुनी आहे, आणि तिचे बरेचसे धागे मुंबई इलाख्यातच सापडतात.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्या निवेदनातील मुख्य गाऱ्हाणे होते, म्हणजे वादाचा मुद्दा तेव्हाही पैशाचाच होता. ब्रिटिश सरकारने मागणी मनावर घेतली नाही. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ पासून अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला, आणि राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवून सक्तीचा कायदा आणला. बडोद्याला जे परवडले ते साम्राज्याला परवडेना, ही विसंगती गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात पुनःपुन्हा दाखवून दिली होती. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले विधेयक आज वाचले तर त्याचा सावधपणाच डोळ्यांत भरतो. सक्ती सर्वत्र नव्हती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात होती तेथेच, स्थानिक संस्थेची इच्छा असेल आणि सरकारची मंजुरी मिळेल तरच ती लागू व्हायची होती, ती प्रारंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती होती, आणि खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने व उरलेला सरकारने उचलायचा होता. इतके मवाळ विधेयकही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. लोकांची तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत आणि तिजोरीला भार पेलणार नाही, अशी कारणे देण्यात आली. यांपैकी शेवटचे कारण पुढे राज्यकर्ते बदलले तरी बदलले नाही.

संविधानसभेत हा प्रश्न नव्याने उभा राहिला तेव्हा मूलभूत हक्कांच्या उपसमितीने प्राथमिक शिक्षणाचा अधिकार न्यायालयात दाद मागता येईल अशा हक्कांत घातला होता. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीने तो तेथून काढून मार्गदर्शक तत्त्वांत नेला. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे राज्यकारभारासाठी घालून दिलेली, परंतु न्यायालयाकरवी बजावून घेता न येणारी सूत्रे. तिथेही मसुद्याच्या कलमात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे अशी शब्दयोजना उरली होती. नोव्हेंबर १९४८ मधील चर्चेत लक्ष्मीकांत मैत्र यांनी हे शब्द गाळण्याची दुरुस्ती सुचवली, कारण मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात ‘हक्क’ हा शब्द विजोड होता, आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. तर्कशास्त्राच्या दृष्टीने दुरुस्ती बिनचूक होती. आधी हक्क चुकीच्या प्रकरणात ठेवला गेला आणि मग प्रकरण हक्काचे नाही म्हणून शब्द गेला. ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी ही सूचना मात्र आंबेडकरांनी मान्य केली नाही, कारण चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावता येणार नाही असे संविधान दुसरीकडे सांगत असताना ते मूल त्या काळात कुठे असावे याचे उत्तर शाळा हेच होते. अशा रीतीने अनुच्छेद ४५ तयार झाला आणि दहा वर्षांची मुदत घातलेले ते एकमेव मार्गदर्शक तत्त्व ठरले. ही मुदत १९६० मध्ये संपली, त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १९६२ पासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या हाती गेल्या.

पुढची तीन दशके न्यायालये या विषयात फारशी दिसत नाहीत. १९९२ मध्ये कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या देणगीशुल्काविरुद्धच्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा अधिकार जीविताच्या अधिकारातच सामावलेला आहे असे म्हटले, आणि पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात या व्यापक विधानाला आवर घालून चौदा वर्षांपर्यंत हा अधिकार मूलभूत आहे, त्यानंतर तो राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून आहे, अशी रेषा आखली. प्राथमिक शाळेच्या हक्काचा जन्म वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काच्या भांडणातून व्हावा, हा योगायोग भारतीय शिक्षणाच्या रचनेवर स्वतःच एक टिपण आहे. डिसेंबर २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क घालून सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे बंधन राज्यावर टाकले, मात्र ‘राज्य कायद्याद्वारे ठरवील अशा रीतीने’ या आशयाचे शब्द त्यात ठेवले. सहा वर्षांखालील मुले या हक्काबाहेर राहिली, आणि रीत ठरवणारा कायदा यायला आणखी सात वर्षे लागली.

तो कायदा म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि महाराष्ट्रात सर्वत्र ‘आरटीई’ याच नावाने ओळखला जातो. त्याची दोन कलमे येथे विशेष महत्त्वाची आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी वाचली पाहिजेत, कारण २०२४ चा सारा वाद त्यांच्या सरमिसळीतून निर्माण झाला. सहावे कलम शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर असे बंधन घालते की जेथे परिसरात शाळा नसेल तेथे ती तीन वर्षांत काढावी. परिसर म्हणजे किती अंतर हे नियमांनी ठरवायचे होते आणि पहिली ते पाचवीसाठी ते एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे ठरले. बारावे कलम शाळांवर बंधन घालते: शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांनी सर्वच मुलांना मोफत शिकवावे, अनुदानित शाळांनी मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणात, पण किमान २५ टक्के मुलांना मोफत शिकवावे, आणि विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल घटक व वंचित गटांतील बालकांना द्याव्यात. या शेवटच्या मुलांचा खर्च शासनाने शाळेला परत करायचा, तोही शासनाच्या शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा त्या शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल तितका; याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे किलोमीटर हे माप शासनाने शाळा मुलाच्या किती जवळ न्यायची यासाठी कायद्याच्या व्यवहारात आले होते.

खाजगी शाळांनी बाराव्या कलमाला व्यवसायस्वातंत्र्यावरील घाला म्हणून आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ते फेटाळले. सरन्यायाधीश कपाडिया व न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांनी २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली, तर न्यायमूर्ती राधाकृष्णन यांनी अनुच्छेद २१-क चे ओझे राज्याचे आहे, ते विनाअनुदानित शाळेवर लादता येत नाही असे भिन्नमत नोंदवले. बहुमतानेही विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मोकळीक दिली, आणि ६ मे २०१४ च्या प्रमाती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती अनुदानित अल्पसंख्याक शाळांपर्यंत नेऊन सर्वच अल्पसंख्याक शाळा या अधिनियमाच्या कक्षेबाहेर काढल्या. त्यानंतर धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याक दर्जाच्या प्रमाणपत्राला एक नवे मोल आले.

महाराष्ट्राने २५ टक्के प्रवेशांसाठी २०१३ मध्ये स्वतंत्र नियम केले. वंचित गटात अनुसूचित जाती-जमाती, भटक्या विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग बालके इत्यादींचा समावेश झाला, दुर्बल घटकासाठी वार्षिक एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरली, आणि कालांतराने सारी प्रक्रिया संगणकीकृत झाली. पालक नकाशावर घराची खूण करून दहापर्यंत शाळांचा पसंतीक्रम भरतात, पुण्यात सोडत निघते, एक किलोमीटरच्या आतील मुलांना आधी संधी मिळते आणि मग त्यापलीकडच्यांना. भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नकाशावरची ती खूण यांच्या तपासणीभोवती तालुकापातळीवर एक नवीनच कागदी व्यवहार उभा राहिला. दरम्यान २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा काढणे सुलभ झाल्याने शहरांलगत व तालुक्यांच्या गावी त्यांची संख्या वाढत गेली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत गेला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या घरात पोचल्या आणि २०२३ मध्ये शासनाने पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देऊन अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले. परिसरात शाळा असलीच पाहिजे हे सहाव्या कलमाचे वचन आणि समूह शाळेची कल्पना यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अनुत्तरित राहिला.

बाराव्या कलमाविषयी येथे एक गोष्ट स्पष्ट मांडणे आवश्यक आहे. त्यात सामाजिक सरमिसळीचे ध्येय आहे हे खरे, परंतु व्यवहारात शासन स्वतःच्या शाळेतून मूल बाहेर काढण्यासाठी पैसे मोजत आहे असेही त्याचे रूप दिसते, आणि शासकीय शाळांच्या कैवाऱ्यांनी हा आक्षेप प्रारंभापासून घेतला आहे. आक्षेप बिनबुडाचा नाही. मात्र जे शासन वर्षानुवर्षे प्रतिपूर्तीची रक्कम, प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये ठरलेली, वेळेवर देत नव्हते आणि ज्याच्याविरुद्ध शाळांच्या संघटना थकबाकीसाठी बहिष्काराची भाषा करीत होत्या, त्याने हा आक्षेप २०२४ मध्ये अचानक आपला म्हणून पुढे करावा, यात शासकीय शाळेच्या प्रेमापेक्षा देणे टाळण्याची निकड अधिक होती असे म्हणण्यास जागा आहे. कर्नाटकाने असाच नियम आधी केला होता आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो वैध ठरवला होता, त्यामुळे महाराष्ट्राच्या अधिकाऱ्यांना पायवाट तयार मिळाली.

नव्या परंतुकाचा परिणाम गणिती अचूकतेने झाला. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरबाहेर असलेली खाजगी शाळा शोधणे कठीणच, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या शाळा यादीतून जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या व अनुदानित शाळा आल्या. कागदावर शाळांची संख्या नऊ हजारांच्या आसपास होती ती सुमारे ७६ हजारांवर गेली आणि जागा एक लाखावरून आठ लाखांपलीकडे पोचल्या. पण स्थानिक संस्थेची शाळा तर मुळातच प्रत्येक मुलाला मोफत होती; जेथे पूर्ण ताट सर्वांसाठी वाढलेले आहे तेथे पावपट जागा राखून ठेवल्याने कोणाच्याही पदरात काही पडत नव्हते. पालकांनी हे ओळखले. इतक्या जागांसाठी अर्जांनी लाखाचा आकडाही गाठला नाही.

पालक व संघटनांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. ६ मे २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय व न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने परंतुकाला अंतरिम स्थगिती दिली, जुन्या नियमाने प्रक्रिया पुन्हा सुरू झाली आणि या वेळी लाखभर जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच पालकांचे हे दुसरे उत्तर कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलके होते. जूनमध्ये सोडत निघाली, तरी खाजगी शाळाही न्यायालयात आल्या असल्याने निकाल राखून ठेवावा लागला. १५ जूनच्या सुमारास राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा भरल्या, आणि सोडतीत नाव आले आहे की नाही हे ठाऊक नसलेली मुले घरी राहिली किंवा तात्पुरती दुसऱ्या शाळेत बसली.

१९ जुलैच्या निकालात मुख्य न्यायमूर्ती उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी वादाचा गाभा दोन कलमांच्या नात्यात शोधला. शासनाचे म्हणणे असे की परिसरात आपली शाळा असताना खाजगी शाळेला पैसे देणे म्हणजे दुहेरी खर्च आहे. न्यायालयाने उत्तर दिले की विनाअनुदानित शाळेवरील २५ टक्क्यांचे बंधन अधिनियमाने कोणत्याही अटीशिवाय घातले आहे. जवळ सरकारी शाळा आहे की नाही यावर ते अवलंबून नाही, आणि शासनाचे शाळा काढण्याचे कर्तव्य हे या बंधनाला पर्याय ठरू शकत नाही. नियम करण्याचा अधिकार अधिनियमाने शासनाला दिला तो त्याच्या तरतुदी अमलात आणण्यासाठी, म्हणून नियमाच्या वाटेने अधिनियमातले बंधन कमी करता येत नाही. संसदेने जे केले ते संसदेलाच बदलता येते, मंत्रालयाला नाही. या तत्त्वानुसार परंतुक अधिकारबाह्य, म्हणजे अधिकाराची मर्यादा ओलांडणारे, ठरले, आणि अनुच्छेद २१-क शीही विसंगत ठरले. कर्नाटकाच्या निकालाची वाट मुंबईने धरली नाही. एक व्यावहारिक अडचण उरली होती: फेब्रुवारी ते मे या काळात अनेक शाळांनी मोकळ्या झालेल्या जागा शुल्क भरणाऱ्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. त्या मुलांचे प्रवेश मोडू नयेत, पण २५ टक्क्यांच्या जागाही भराव्यात आणि गरज पडल्यास एकूण जागा वाढवाव्यात, असा तोडगा न्यायालयाने काढला. दुसऱ्याच दिवशी सोडतीची यादी जाहीर झाली. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठापुढे गेलेले अपील खाजगी शाळांच्या संघटनेचे होते, आणि सुनावणीत पीठाचा रोख असा राहिला की सधन घरांतील मुलांनाही देश खरा कसा आहे हे वर्गातच कळावे.

सुमारे वर्षभराने महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणखी एका प्रकरणाने हा अधिनियम पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे उघडला. शिक्षक पात्रता परीक्षा, जिला राज्यात ‘टीईटी’ म्हणतात, अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांना लागू होते काय, हा मूळ प्रश्न होता. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाचा तडाखा मात्र त्याहून कितीतरी मोठ्या वर्गाला बसला. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती मनमोहन यांनी ठरवले की अधिनियमाच्या आधीपासून सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, परंतु पदोन्नती मिळणार नाही. दोन-दोन दशके एकच वर्ग सांभाळलेले जिल्हा परिषदेचे गुरुजी व बाई पुन्हा परीक्षार्थी झाले, आणि शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अल्पसंख्याक शाळांबाबत मात्र द्विसदस्य पीठाला पुढे जाता येत नव्हते, कारण वाटेत २०१४ चे पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ उभे होते. सगळ्या अल्पसंख्याक शाळांना संपूर्ण अधिनियमातून वगळणे योग्य होते काय, याविषयी या पीठाने गंभीर शंका नोंदवली, कायद्यातून सुटण्यासाठीच हा दर्जा घेतला जात असल्याचा उल्लेख केला, आणि मोठ्या पीठाकडे प्रश्न सोपवण्याच्या दृष्टीने कागदपत्रे सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले. तसे पीठ बसून वेगळा निर्णय देईपर्यंत प्रमातीचाच निकाल लागू आहे, आणि अल्पसंख्याक प्रमाणपत्र असलेल्या शाळेच्या फाटकापासून सरकारी शाळा एक किलोमीटरवर असो वा दहा, त्या शाळेच्या पहिलीसाठी सोडत निघत नाही.